थंड हवेचा हिशेब

जूनच्या पहिल्या आठवड्यात आपाचा फोन आला. भाचा दहावी झाला होता, अडुसष्ट टक्के, आणि घरात तीन मते पडली होती. भावजींचे म्हणणे, मुंब्र्याला चुलतभावाचे एसी दुरुस्तीचे दुकान आहे, तिथे हेल्पर म्हणून लावू. महिना नऊ हजार आणि जेवण. आपाला जिल्ह्याच्या सरकारी आयटीआयमधला दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड हवा होता. आणि खुद्द भाच्याच्या मोबाइलवर एका खासगी क्लासची जाहिरात होती: तीन महिन्यांत एसी टेक्निशियन, फी अडतीस हजार, वर 'गल्फ प्लेसमेंट'. ''तू इतिहास शिकवतोस ना, मग सांग काय करायचं,'' आपा म्हणाली. इतिहासाच्या मास्तराला असले प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, म्हणून आधी बरे वाटले. मग लक्षात आले की उत्तर माझ्याकडे नाही. ते मोठ्या मामूंच्या वहीत असू शकते.

मोठे मामू आता सत्तरी ओलांडून गेलेत. 1971 मध्ये, सतराव्या वर्षी, ते दापोली तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावातून मुंबईला गेले, नागपाड्यातल्या एका वर्कशॉपमध्ये फ्रीज-एसीचे काम शिकले, 1977 ला अबुधाबीला पोहोचले आणि 1994 ला परतले. या सगळ्या काळात त्यांनी एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही सांभाळली. त्यात आलेला प्रत्येक पैसा आणि गेलेला प्रत्येक पैसा आहे. आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाचे अक्षर, पण बेरीज कुठे चुकलेली नाही. त्या वहीविषयी लिहिण्याआधी थोडे मागे जातो, कारण मामूंचा धंदा वाटतो तेवढा नवा नाही.

थंडावा पुरवणारा पगारी माणूस मोगलांच्या दरबारात होता. त्याला आबदार म्हणत आणि त्याच्या खात्याला आबदारखाना. मराठी दफ्तरांतही हा शब्द सापडतो. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने पाणी गार करण्याची कृती मापासकट दिली आहे. सुरईत एक शेर पाणी घ्यायचे, दुसऱ्या भांड्यात अडीच शेर सोरा आणि पाच शेर पाणी कालवायचे आणि त्यात सुरई पाव तास फिरवायची. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, इतकेच त्यामागचे शास्त्र. पुढे दरबार लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतला बर्फ नावांतून, गाड्यांवरून आणि कहारांच्या खांद्यावरून येऊ लागला. अबुल फजलने त्या वाहतुकीचे खर्च आणि बर्फाचा भावही टिपून ठेवला आहे. आबदाराला हे काम शिकवायला किती खर्च आला, हे मात्र त्याने लिहिले नाही. कारागीर शिकलेलाच येतो, असे धरून चालण्याची आपली सवय तेव्हापासूनची असावी.

1833 मध्ये बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचे 'टस्कनी' जहाज तळ्यातला बर्फ घेऊन कलकत्त्याला आले. निघताना 180 टन होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर साधारण 100 टन उरला. त्यानंतर लवकरच मुंबईतही बर्फघर झाले. यंत्राने बर्फ बनू लागला तेव्हा, 1880 च्या आसपास, हा व्यापार बुडाला. यंत्राबरोबर नवा कामगार आला: अमोनियाच्या वासात राबणारा, व्हॉल्व्ह फिरवणारा, जहाजाच्या इंजिनरूममधून उतरलेला. आमच्या कोकणी मुसलमानांत घरटी एक तरी खलाशी असायचा, त्यामुळे वाफ, प्रेशर, पाइप हे शब्द आमच्या खाडीला कारखान्यांच्याही आधी ठाऊक होते.

हवा थंड करण्याची गोष्ट 1902 ची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगे आणि रंग सरकत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने त्यावर यंत्र आखले. म्हणजे पहिला एसी माणसासाठी नव्हताच, कागदासाठी होता. मुंबईत 1933 ला उघडलेल्या रीगल टॉकीजमध्ये पैसे देऊन थंड हवा खाता येऊ लागली. 1934 ला फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला, तोही सुरुवातीला बर्फाच्या लाद्यांवर चाले आणि वाटेतल्या स्टेशनांवर नव्या लाद्या भरल्या जात. 1943 ला मुंबईत ब्लू स्टार सुरू झाली, 1954 ला व्होल्टास. आता या यंत्रांना हात लावणारे लोक हवे होते. ते कुठून आले?

दोन वाटा होत्या. एक सरकारची. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी 1945 मध्ये एक संचालनालय निघाले; त्याच यंत्रणेने 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आणली आणि त्यातून आजच्या आयटीआय उभ्या राहिल्या. 1961 ला अप्रेंटिस कायदा झाला. दुसरी वाट त्याहून फार जुनी, उस्ताद-शागिर्दाची. यात फी नसते, परीक्षा नसते. पोरगा आधी झाडू मारतो, चहा आणतो, मग पाना धरतो, मग कधीतरी उस्ताद म्हणतो, ''आज तू टाका लाव.''

आपल्या समाजाने मोठ्या संख्येने दुसरी वाट धरली. त्याला 'मुसलमानांना शिक्षणाची आवड नाही' असे सरधोपट कारण देणाऱ्यांशी मी भांडत आलो आहे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामने साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था 1936 मध्येच भायखळ्याला उघडली होती. हुन्नराचे शिक्षण हवे, हे कळणारी माणसे आपल्यात होती. प्रश्न आवडीचा नव्हता. मामू नागपाड्यात काम करत आणि गावच्या जमातीच्या खोलीत वीस जणांबरोबर झोपत. साबू सिद्दीकची इमारत तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. ''रोज समोरून जायचो,'' मामू सांगतात, ''आत मुलं खाकी कपड्यांत लेथवर उभी असायची. वाटायचं, हे आपल्यासारखंच काम करतात, पण उभं राहून, आणि कोणी यांच्या डोक्यात टपली मारत नाही.'' ते आत कधी गेले नाहीत. मॅट्रिकचा कागद नव्हता, नाना वारले होते, आणि माझी आई धरून तीन बहिणी लग्नाच्या होत्या.

वहीतला पहिला आकडा: महिना 45 रुपये, जेवण मालकाकडे. दुसऱ्या वर्षी 75. दोन वर्षांची बेरीज 1,440 रुपये. त्यातले बहुतेक गावी गेले. म्हणजे मामू सगळे सोडून दोन वर्षे कुठल्या संस्थेत बसले असते, तर फी माफ असती तरीही घराला हे 1,440 रुपये मिळाले नसते. शिक्षणाची खरी किंमत ही. ती फीच्या पावतीवर छापलेली नसते.

1973 ला तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत इमारतींचे जंगल उभे राहू लागले. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काचेच्या इमारतीत राहायचे तर एसी हवाच, आणि एसी हवा तर तो चालवणारा माणूस हवा. कोकणातून, केरळातून माणसे निघाली. मामूंनी दलालाला साडेसात हजार रुपये दिले. वहीत त्याचे तपशील आहेत: मामीच्या बांगड्या, जमातीतल्या दोघांकडून उसने, बाकी व्याजाने. अबुधाबीत पगार ठरला 900 दिरहॅम. तेव्हा दिरहॅम सव्वादोन रुपयांच्या आत होता, म्हणजे महिना साधारण दोन हजार रुपये. मुंबईत त्याच कामाचे त्यांना चारशे मिळत. कागदावर कर्ज चार महिन्यांत फिटायला हवे होते. फिटायला दीड वर्ष लागले, कारण घर त्यातूनच चालत होते आणि एका बहिणीचे लग्नही त्यातच झाले.

इथवरची गोष्ट आखातात गेलेल्या कुठल्याही घरात ऐकायला मिळेल. पण वहीच्या पुढच्या पानावर एक ओळ आहे, जिच्याखाली मामूंनी दोन रेघा मारल्या आहेत. खोलीत त्यांच्या शेजारच्या खाटेवर मलबारचा एक मुलगा होता. वय तेच, काम तेच, छत तेच, पाना तोच. त्याच्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र होते. त्याचा पगार 1,500 दिरहॅम.

''तो टाका माझ्यापेक्षा वाईट लावायचा,'' मामू आजही म्हणतात. त्यात थोडा मत्सर असेल, पण अरबाच्या ऑफिसात टाका कोण बघतो? तिथे फाइल बघतात. दोन वर्षांच्या पहिल्या करारात फरक झाला 600 गुणिले 24, म्हणजे 14,400 दिरहॅम. रुपयांत तीस हजारांच्या वर. एका पारड्यात घराने वाचवलेले 1,440 रुपये आणि दुसऱ्यात हे. मलबारचा मुलगा पाच वर्षांत फोरमन झाला. मामू सतरा वर्षांनी परतले तेव्हाही मेकॅनिकच होते, अर्थात सगळे फोरमन अडल्यावर त्यांनाच बोलवत.

हे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, झाले, उत्तर मिळाले: भाच्याला आयटीआयला घाला. पण इतिहासात एक खोड असते, ती शेवट माहीत असल्यामुळे सुरुवात सोपी वाटायला लावते. 1971 मध्ये नागपाड्यात एकाही गिऱ्हाइकाने मामूंना प्रमाणपत्र विचारले नव्हते. तिथे कागदाची किंमत शून्य होती आणि झाडू मारत शिकण्याचा निर्णय पूर्ण शहाणपणाचा होता. कागदाला किंमत आली ती समुद्रापलीकडे, आणि तिथे कधी पोहोचू हे 1971 मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते.

शिवाय या धंद्यात एकदा शिकून भागत नाही. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असत. 1928 च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी सीएफसी शोधले. ना वास, ना विष, ना पेटण्याची भीती. मामू ज्याला नुसते 'बारा नंबर' म्हणतात तो आर-12 त्यांतलाच. हा वायू वातावरणाचे ओझोनचे कवच खातो, असे 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवले. 1987 ला मॉन्ट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात सामील झाला. मॉन्ट्रियलला सही झाली आणि तिचा दणका काही वर्षांनी आमच्या दापोलीच्या बाजारात बसला. मामूंनी परतल्यावर तिथे दुकान टाकले होते. नव्या फ्रीजमध्ये 134-ए गॅस येऊ लागला. या गॅसला जुने खनिज तेल चालत नाही, वेगळे तेल लागते. मामूंना ते कोणी सांगितले नव्हते. एका गिऱ्हाइकाच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर बसला. मामूंनी नवा पदरचा घालून दिला. वहीत नोंद आहे: '134, तेल चुकले, 3,200'. खाली एकच शब्द: 'फी'.

छोट्या दुरुस्तीवाल्यांसाठी सरकारने नंतर दोन-तीन दिवसांची प्रशिक्षणे घेतली, पण ती शहरांत, आणि दुकान बंद ठेवून जायचे तर त्या दिवसांची कमाई बुडते. पुन्हा तोच हिशेब. त्यानंतर एसीत 410-ए आला, ज्याचे प्रेशर जुन्या बावीस नंबरच्या दीडपटीहून जास्त. मग आर-32, जो थोडाफार पेटतो. काही एसींत तर प्रोपेन. 2016 च्या किगाली करारानंतर हेही बदलत जाणार. अमेरिकेत या धंद्याला हीटिंग आणि कूलिंग असे जोडनाव आहे, कारण तिथे हिवाळ्यात भट्टीही तोच माणूस बघतो; आपल्याकडे गरम करायचे काम अल्लाहने सूर्यावर सोपवले आहे. पण तिथे 1994 पासून परवान्याची परीक्षा दिल्याशिवाय गॅसला हात लावता येत नाही. आपल्याकडे घरातला एसी उघडायला आलेल्या मुलाला परवाना विचारायची रीत अजून पडलेली नाही. 2019 च्या भारत सरकारच्या कूलिंग आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले. दारात कोणी कागद विचारलाच नाही तर तो मिळवण्यासाठी मजुरी कोण बुडवील, हा प्रश्न मात्र उरतो.

मामूंची वही बाजूला ठेवून मग आम्ही तिघांनी, मी, मामू आणि भाचा, आजचा हिशेब मांडला. आकडे आमच्याच नात्यागोत्यातल्या पोरांच्या पगारांचे, तेव्हा इतरांनी आपापले घालावेत.

खासगी क्लास पहिल्यांदा निकालात निघाला. अडतीस हजार देऊन तीन महिन्यांत जे मिळते ते मुंब्र्याच्या दुकानात फुकट मिळते, आणि 'प्लेसमेंट'चा अर्थ विचारल्यावर फोनवरचा माणूस वेगळ्या पैशांविषयी बोलू लागला. 1983 च्या एमिग्रेशन कायद्याने दलालाची नोंदणी सक्तीची आहे आणि आज त्याला कामगाराकडून तीस हजार अधिक जीएसटी एवढेच घेता येतात. मामूंनी फोन हातात घेऊन नोंदणी क्रमांक विचारला. तिकडून फोन ठेवला गेला.

उरली दोन. आयटीआयची फी इतकी किरकोळ की ती आम्ही मांडलीच नाही. पण दुकानातले नऊ हजार दोन वर्षे बुडणार: 2,16,000. तिसऱ्या वर्षी अप्रेंटिस म्हणून सात हजार विद्यावेतन धरले, तेव्हा दुकानातल्या हेल्परचे अकरा झालेले असतील, आणखी 48,000. एकूण 2,64,000. पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आमचा एक कागदवाला पोरगा सतरा हजार घेतो, बिनकागदाचा चौदा. महिन्याला तीन हजारांचा फरक. या फरकाने बुडालेले पैसे भरून यायला सात वर्षे चार महिने लागतात.

भावजींना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. ''म्हणजे मी बरोबर होतो.'' होतेच. घर न सोडता, नोकरी न बदलता, सर्व्हिस सेंटरच्या पायरीवरच थांबायचे असेल तर भावजी बरोबर. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान कामकऱ्यांपैकी 61 टक्के स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतात असे नोंदले होते. त्या धंद्यांत गिऱ्हाईक हात बघते, कागद नाही. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत मुंब्र्याचा चुलतभाऊ सर्व्हिस सेंटरवाल्याच्या दुप्पट कमावतो. जुलैला पाऊस पडला की तोच चुलतभाऊ कॅरम खेळतो, हे भावजींनी हिशेबात धरले नव्हते. पाचव्या मजल्याच्या बाहेर, खिडकीच्या गजाला दोर बांधून आउटडोअर युनिट बसवताना पडला तर विमा कोणाचा, हेही नाही. आणि रेल्वेत, मोठ्या हॉस्पिटलात, पगारी कायम जागेवर अर्जच करता येत नाही. तिथल्या अर्जात प्रमाणपत्राचा रकाना असतो. मामूंनी त्यांच्या दोन रेघांच्या ओळीवर बोट ठेवले. भावजी गप्प बसले.

मग ते म्हणाले ते मला आधी सुचायला हवे होते. ''सगळं मान्य. पण नऊ हजार कोण देणार? होडीचं इंजिन गेल्या साली गेलं. मला पोरगा कामाला नको आहे, मला ते नऊ हजार हवेत.''

आमच्या गावची जमात दरवर्षी गरजू मुलांना मदत करते. फी देते, वह्या देते, दहावीला पंचाहत्तर टक्क्यांच्या वर असेल तर स्टेजवर बोलावून ट्रॉफी देते. मीही त्या स्टेजवर दोनदा भाषण ठोकले आहे. पण इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी विचारले नाही की फी तर सगळ्यांत लहान आकडा, मोठ्या आकड्याचे काय? ज्या मुलाची मजुरी घराला लागते त्याला ट्रॉफी देऊन तो दोन वर्षे वर्गात कसा बसेल? जुम्याच्या नमाजनंतर मी हे जमातीच्या बैठकीत मांडले. दोघांनी विचारले, असे दरमहा पैसे द्यायची पद्धत कुठे आहे का? एकाने म्हटले, उद्या सगळेच मागतील. त्यात तथ्य होते. तासभर वाद झाला. शेवटी जमातीने महिना चार हजार कबूल केले, एक वर्षासाठी, एका मुलापुरते. तीन हजार मी देणार. उरलेले दोन मामूंनी आपल्या नावावर लिहून घेतले आणि कोणालाही बोलू दिले नाही.

प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज आपाने भरला. हॉस्टेलची यादी अजून लागायची आहे. परवा मामूंनी ट्रंकेतून फ्लेअरिंग टूल काढले, अबुधाबीहून आणलेले, पितळी, झिजून गुळगुळीत झालेले. भाच्याने उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ''नाना, हे 410 च्या पाइपला चालेल?''

''कुणास ठाऊक,'' मामू म्हणाले. ''तुझ्या मास्तरांना विचार, आणि मला येऊन सांग.'' मग त्यांनी लाल वही उघडली, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिले: 'पोराची मजुरी, पहिला महिना, 2,000.'